बर्फ फोडणारे खेळ

नवीन टीमचा पहिला दिवस कसा असतो ते तुम्हाला ठाऊक असेलच. सगळे गोल करून बसलेले आणि कुणीतरी उत्साहाने जाहीर करतं, "स्वतःबद्दल दोन खऱ्या गोष्टी आणि एक खोटी सांगा!" झालं, माझ्यासारख्याच्या पोटात गोळा! ह्या 'आईसब्रेकर' खेळांचा उगम शोधायला बसलो, तर त्यातला एक धागा थेट शिकागोला जाऊन पोचला.

तिथे १८८९ साली जेन अ‍ॅडम्स आणि एलेन गेट्स स्टार ह्या दोन मैत्रिणींनी 'हल हाऊस' सुरू केलं. आजूबाजूला इटालियन, ग्रीक, जर्मन, रशियन ज्यू... नुकत्याच आलेल्या गरीब लोकांची वस्ती. भाषा वेगळ्या, देव वेगळे, जेवण वेगळं. ह्यांच्या मुलांना एकत्र आणायचं कसं? गप्पा मारा म्हणावं, तर कुठल्या भाषेत?

हल हाऊसमधल्या नेव्हा बॉइड ह्या बाईंनी खेळ हाच उपाय धरला. १९२१ साली त्यांनी तिथे खेळ शिकवणाऱ्यांसाठी चक्क एक शाळा काढली. त्यांच्या हाताखाली तयार झाली व्हायोला स्पोलिन, स्वतः रशियन ज्यू स्थलांतरितांची मुलगी. मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेत, १९३९ च्या सुमारास, ती अशाच मुलांना नाटक शिकवू लागली आणि तिने नवे खेळ रचले. एकाने हालचाल करायची, समोरच्याने आरसा व्हायचं. नसलेला चेंडू एकमेकांकडे फेकायचा. निरर्थक आवाजात बोलून आपलं म्हणणं समोरच्याला कळवायचं.

गंमत बघा, ह्यात कुणालाही "तू कोण, कुठला" असं विचारलेलं नाही! दोघांचं लक्ष त्या नसलेल्या चेंडूवर, आणि ओळख आपोआप होते. आपण लहानपणी 'मामाचं पत्र हरवलं' खेळायचो, तेव्हा तरी कुठे आधी कुणी माहिती दिली होती?

मग हे "स्वतःबद्दल सांगा" आलं कुठून? मला वाटतं, दुसऱ्या धाग्यातून. कर्ट लेविन ह्या मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली कनेक्टिकटमध्ये वंशभेदावर एक कार्यशाळा घेतली. तिथे लोकांना स्वतःच्या वागण्यावरची चर्चा समोर बसून ऐकायला मिळाली आणि त्याचा मोठा परिणाम झाला. १९४७ च्या फेब्रुवारीत लेविन गेला, पण त्याच उन्हाळ्यात मेन राज्यातल्या बेथेल गावी 'टी-ग्रुप' सुरू झाले. पुढे कंपन्यांनी ते उचलले. पण त्या मंडळींकडे एकमेकांसोबत घालवायला दिवसच्या दिवस होते हो! आपल्याकडे असतात चहाआधीची दहा मिनिटं.

एवढ्या वेळात मन मोकळं करा म्हटलं की बोलके लोक आणखी बोलतात. लाजाळू, इंग्रजी कच्चं असलेला किंवा घरचं काही सांगायचं नसलेला माणूस आणखी आक्रसतो. म्हणजे ज्याच्यासाठी बर्फ फोडायचा, तोच गारठतो. हल हाऊसचे खेळ नेमके अशाच माणसासाठी होते.

१९६३ साली स्पोलिनचं खेळांचं पुस्तक आलं. त्याच वर्षी विद्यापीठाच्या इमारतींसाठी हल हाऊसचा बहुतेक भाग पाडला गेला. घर गेलं, खेळ उरले.

असो. पुढच्या वेळी टीममध्ये खेळ घ्यायची पाळी तुमच्यावर आली, तर प्रश्न विचारू नका. एक नसलेला चेंडू फेका... आणि काय झालं ते मला कळवा!