कुत्र्याच्या पोटाची बखर

आपल्याकडे इतिहास म्हटला की घोडा पाहिजे. घोड्याशिवाय बखरीचं पान हलत नाही. त्याच्या खालोखाल हत्ती, उंट आणि तोफा ओढणारे बैल. कुत्र्याच्या वाट्याला मात्र म्हणी आणि शिव्याच आल्या. त्यातून त्याच्या पोटाचा इतिहास लिहावा, असं तर कुठल्याही इतिहासाचार्याला वाटलं नाही. सैन्य पोटावर चालतं, हे वाक्य नेपोलियनच्या नावावर खपतं. कुत्रं पोटावर चालत नाही, हे मला मान्य आहे. पण कुत्र्याचं पोट चालू लागलं की अख्खं घर चालायला लागतं. तेही रात्री दोन वाजता, हातात साखळी घेऊन, थेट फाटकापर्यंत. एवढ्या लोकांना चालवणाऱ्या गोष्टीची बखर नको का?

या बखरीचा आरंभ संत नामदेवांपासून करावा लागेल. कुत्र्याने कोरडी पोळी पळवली आणि नामदेव हातात तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट आपण सगळे शाळेपासून ऐकत आलो. भूतदयेचा याहून मोठा धडा नाही. फक्त एक तपशील आपण विसरतो. ते कुत्रं म्हणजे साक्षात पांडुरंग होता, म्हणून त्याला तूप पचलं. घरोघरची मोत्या, राजा आणि टायगर ही मंडळी विष्णूचे अवतार नव्हेत. जास्त स्निग्ध खाल्लं की कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि ती जिवावरही बेतते. ‘कुत्र्याला तूप पचत नाही’ असं म्हणणाऱ्याला टोमणा मारायचा होता, पण नकळत तो वैद्यकशास्त्र सांगून गेला.

आपल्या जुन्या वैश्वदेवातही कुत्र्याचा वाटा काढलेला असे. गाईला, कावळ्याला, तसा कुत्र्यालाही घास. म्हणजे कुत्रं घराच्या हिशेबात धरलेलं होतं. पुढे मराठेशाहीत तर एक कुत्रं पालखीपर्यंत पोचलं. सातारच्या शाहू महाराजांचा खंड्या तो. शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला, म्हणून त्याला पालखीचा मान मिळाला आणि मेल्यावर संगम माहुलीला त्याची समाधी झाली. ती आजही दाखवतात. १७३१ साली वारणेचा तह होऊन सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांच्या हद्दी ठरल्या, पण कुत्र्याचे लाड या बाबतीत दोन्हीकडे आजतागायत एकमत आहे. पालखीत बसलेल्या कुत्र्याला ‘जिलबी नको हं’ असं म्हणायची कुणाची छाती होणार? आणि दुखण्याचं मूळ नेमकं तिथेच असतं.

आता थोडं मागे जाऊ. फारच मागे. कुत्रं म्हणजे मूळचा लांडगा, तेव्हा त्याने मांसच खावं, भाकरी त्याच्या जातीची नव्हे, असं सांगणारा एक विद्वान प्रत्येक गल्लीत असतो. या विद्वानाला २०१३ साली स्वीडनमधल्या उप्सला विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी परस्पर उत्तर दिलं. पिठूळ अन्न पचवायला जो पाचकरस लागतो, त्याचं जनुक लांडग्यात दोन प्रतींत असतं. कुत्र्यात त्याच प्रती चारपासून तीसपर्यंत सापडल्या. माणूस शेती करू लागला, धान्य शिजवू लागला, आणि त्याच्या उष्ट्यावर जगता जगता कुत्र्याचं पोटच बदललं. बर्फाच्या मुलखात, जिथे शेती नव्हती, तिथल्या हस्की जातीच्या कुत्र्यांत या प्रती कमी आढळतात. म्हणजे हजारो वर्षं आपली भाकरी खाऊन कुत्र्याने आपल्या रक्तात ती लिहून घेतली. इमानाचा यापेक्षा पक्का दस्तऐवज कुठल्या राजदरबारात मिळणार?

दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये शेतीवर ग्रंथ लिहिणारा व्हॅरो मेंढवाड्याच्या कुत्र्यांना जवाची भाकरी दुधात कुस्करून घालायला सांगतो. आपल्याकडच्या धनगराने ज्वारीची घातली, एवढाच फरक. रोम आणि कोल्हापूर यांच्यात इतकं साम्य दुसऱ्या कुठल्याही बाबतीत शोधून सापडायचं नाही.

पण इथेच कथेला कलाटणी मिळते. कुत्र्याने आपली भाकरी रक्तात लिहून घेतली; भाकरीबरोबरचं कालवण लिहून घ्यायला मात्र त्याला सवड झाली नाही. आणि कोल्हापुरात कालवण म्हणजे काय, हे मी सांगायला नको. ज्या गावात चटणीचं नावच मुळी कांदा-लसूण चटणी आहे, ज्या गावात रविवारी मटणाच्या दुकानापुढची रांग पाहून परगावच्या माणसाला मतदान चालू आहे असं वाटतं, त्या गावात कुत्र्याने पाळावं तरी काय काय? कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजवलेले, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. हिरड्या पांढऱ्या पडतात, जनावर मलूल होतं. तांबड्या रश्शाने कुत्र्याचं तांबडं रक्त कमी व्हावं, हा दैवाचा विनोद कोल्हापूरकराला पटवून देणं सोपं नाही.

दुधाचं तेच. गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध पिणाऱ्या गावाला, दूध कुणाला तरी बाधतं ही कल्पनाच सोसत नाही. पण पिल्लूपण सरलं की पुष्कळ कुत्र्यांच्या पोटातला दूध पचवणारा रस आटत जातो. मग वाटीभर दूध म्हणजे जुलाबाचं औषधच.

आमच्या मोत्याचं दुखणं असं या गावाच्या परंपरेला धरून होतं. सोमवारी पोट बिघडायचं, बुधवारी सावरायचं, शनिवारी उड्या मारायचा, रविवारी घरात मटण शिजायचं आणि सोमवारी पुन्हा तेच. आमची आई म्हणे, ‘गुणाचं आहे हो पोर, सोमवार पाळतंय.’ शेजारचे आबा म्हणजे जुन्या तालमीतलं खोड. ते कुंपणावरून नळी टाकत आणि म्हणत, ‘अवो, कोल्हापूरचं कुत्रं हाय ते! तिखटाला भ्यायलं तर गावाचं नाव जाईल!’ शिजलेलं हाड फुटून त्याच्या कपच्या आतड्याला लागतात, हे आबांना सांगणं म्हणजे पैलवानाला खुराक कमी करायला सांगणं. दोन महिन्यांत मोत्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या, तेव्हा मात्र आबाही गप्प झाले. जनावराला कळ आली तरी ते बोलत नाही. कोपऱ्यात जाऊन पाठ वाकवून बसतं आणि आपल्याकडे बघतं. ते बघणं सहन होत नाही.

डॉक्टर मितभाषी होते. त्यांनी आधी जंतांसाठी शी तपासायला घेतली, मोत्याचं वजन केलं आणि मग घरातल्या सगळ्यांकडे क्रमाने पाहिलं. आई म्हणाली, ‘पण डॉक्टर, कोल्हापुरात राहून मटण नाही म्हणजे...’ डॉक्टर म्हणाले, ‘मालकाला राहू दे की कोल्हापूरचा. कुत्र्याला नको.’

पथ्य असं : कातडं आणि हाडं काढलेलं, नुसत्या पाण्यात उकडलेलं कोंबडीचं मांस, आणि त्याबरोबर मऊ गुरगुट्या भात. मीठ नाही, तेल नाही, फोडणी नाही. एकदाच ताटभर न देता दिवसातून चार वेळा थोडं थोडं. वर चमचाभर उकडलेला लाल भोपळा. पाणी हवं तेवढं. पूर्वी पोट बिघडलं की चोवीस तास लंघन घालीत. आता तसा आग्रह राहिलेला नाही, कारण आतड्याच्या अस्तराचं पोषण आतड्यातून जाणाऱ्या अन्नावरच होतं. लहान पिल्लाला तर उपाशी ठेवूच नये. आणि रक्त पडलं, उलट्या थांबेनात, किंवा जनावर पाणीही पिईना, तर भातबित शिजवत न बसता तडक दवाखाना गाठायचा.

‘पथ्याचं खाणं’ ही काही आपल्या आजीबाईचीच मक्तेदारी नाही, हे मला पुढे वाचताना कळलं. १८६०च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा एक अमेरिकन लंडनला आला. जहाजावरची टाकलेली कडक बिस्किटं बंदरातली कुत्री खाताना त्याने पाहिली आणि खास कुत्र्यांची बिस्किटं काढली, असं सांगतात. त्याच्याकडे नोकरी करणाऱ्या चार्ल्स क्रफ्टने १८९१ साली आपल्या नावाचं श्वानप्रदर्शन भरवलं. ते अजून भरतं. पहिल्या महायुद्धानंतर १९२२ साली अमेरिकेत घोड्याचं मांस डब्यात भरून कुत्र्यांसाठी विकायला निघालं. ज्या घोड्याने बखरींतून कुत्र्याला हुसकावलं, तो अखेर कुत्र्याच्या ताटात आला. इतिहास सूड घेतो तो असा.

पण या बखरीचा खरा नायक १९३९ सालचा. न्यू जर्सीतल्या मार्क मॉरिस नावाच्या पशुवैद्याकडे मॉरिस फ्रँक हा अंध गृहस्थ आपलं वाट दाखवणारं कुत्रं घेऊन आला. कुत्र्याचं नाव बडी. त्याची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. मालकाचे डोळेच आजारी पडले म्हणायचे. डॉक्टरांनी त्या दुखण्यापुरतं वेगळं अन्न बेतलं आणि ते घरच्या स्वयंपाकघरात शिजवून काचेच्या बरण्यांतून पाठवायला सुरुवात केली. बरण्या वाटेत फुटू लागल्या, तेव्हा डबे बंद करायचं हातयंत्र आलं. १९४८ साली एका कारखान्याने ते काम उचललं, आणि दुखणं पाहून कुत्र्याचं ताट वाढायची रीत जगभर पसरली. आज मूत्रपिंडाचं वेगळं, आतड्याचं वेगळं, असं खाणं कोल्हापुरातल्या दुकानांतही मिळतं. किंमत ऐकली की मालकाचंच पोट बिघडतं, ही गोष्ट निराळी.

मोत्याचं मूळ दुखणं चौथ्या दिवशी थांबलं. कठीण भाग पुढेच होता. दुखणं पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या कुत्र्याला दोन-तीन आठवडे एकच एक अन्न द्यायचं, दुसऱ्या कशाचा कणसुद्धा नाही. मग एकेक पदार्थ वाढवून कशाने बिघडतं ते पाहायचं, असं शास्त्र आहे. नवं खाणं लावतानाही आठवडाभर जुन्यात मिसळत न्यायचं. नुसता कोंबडी-भात जन्मभर चालत नाही. त्यात चुना आणि जीवनसत्त्वं कमी पडतात, म्हणून अखेरीस डॉक्टरांनी ठरवलेल्या पूर्ण आहारावर यायचंच. त्यासाठी वही ठेवायची : तारीख, खाल्लं काय, झालं काय. आमच्या वहीत ‘झालं काय’ हा रकाना नेहमी खरा असे. ‘खाल्लं काय’ मध्ये मात्र पेशव्यांच्या कारकुनालाही लाजवील अशी लपवाछपवी. आईने दिलेली साय नोंदीत नसे, धाकट्याने टाकलेलं बिस्किट नसे. शेवटी शी खरं बोले आणि माणसं खोटी पडत. फाटकावर ‘मोत्याला काही घालू नये’ अशी पाटी लावली, तेव्हा आबांनी ती शांतपणे वाचली आणि विचारलं, ‘केळं चालंल न्हवं?’

या सगळ्या इतिहासातून मला कळलं ते एवढंच. कुत्र्याचं पोट बिघडवण्याला शत्रूची गरज पडत नाही, माया पुरते. घास देणं हीच आपल्याकडे प्रेमाची भाषा आहे, आणि पाहुण्यालाही आपण तिसऱ्या वाढीला ‘नको’ म्हणू देत नाही. कुत्र्याला तर ‘नको’ म्हणताच येत नाही. त्याच्या वतीने ते कुणीतरी म्हणावं लागतं, रोज, आणि घरातल्याच माणसांना. ज्याने आपली भाकरी पचवायला हजारो वर्षं घेतली, त्याच्यासाठी आपण तीन आठवडे रश्शाची वाटी मागे घ्यायला हरकत नसावी. तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावायला संतत्व लागतं, हे खरं. पण ती वाटी हातात असून जागेवर उभं राहायला त्याहून थोडं जास्तच लागतं, आणि कोल्हापुरात तर फारच.