पी.टी.च्या सरांकडून आपण नेमकं काय मागतो?

कन्हानच्या किंवा आसपासच्या कुठल्याही माध्यमिक शाळेत विचारून बघा, खेळ शिकवणाऱ्या माणसाला चार नावं मिळतील. मुलं म्हणतात ‘पी.टी.चे सर’ किंवा ‘मॅडम’. आजोबा म्हणतात ‘ड्रिल मास्तर’. पगारपत्रकावर असतं ‘शारीरिक शिक्षण शिक्षक’. आणि संघ घेऊन तालुक्याला, पारशिवनीला गेले की तेच होतात ‘कोच’.

माणूस एक आणि नावं चार. यात गंमत वाटण्यासारखं काही नाही असं तुम्ही म्हणाल. पण इतिहासाच्या अंगाने पाहिलं की लक्षात येतं, यातलं प्रत्येक नाव वेगळ्या काळातून आलंय आणि येताना आपली अपेक्षा सोबत घेऊन आलंय. नवीन अपेक्षा आली म्हणून जुनी काही गेली नाही. या पोस्टमध्ये मला एवढंच दाखवायचं आहे. कारण वर्षाच्या शेवटी ‘यंदा किती कप आणले?’ असा एकच प्रश्न विचारून आपण या माणसाचा हिशेब मिटवतो, आणि तो प्रश्न चारपैकी एकाच नावाला लागू पडतो.

आधी होता हवालदार

कन्हान नदी ओलांडली की कामठी. इंग्रजांनी तिथे 1821 मध्ये छावणी वसवली. आजही गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र तिथेच आहे. शाळेतल्या ‘ड्रिल’चं मूळ अशा छावण्यांत आहे. 1882 च्या हंटर आयोगाने शाळांमध्ये देशी खेळ, जिम्नॅस्टिक आणि ड्रिल यांना उत्तेजन द्यावं अशी शिफारस केली. शिफारस झाली, पण शिकवणार कोण? सहज मिळणारा माणूस म्हणजे फौजेतून निवृत्त झालेला शिपाई किंवा हवालदार. देशभर बऱ्याच शाळांनी तोच नेमला.

त्याच्याकडून अपेक्षा सरळ होती. रांग सरळ हवी, पाऊल एकदम पडायला हवं, आवाज खणखणीत हवा. मुलाला खेळ आवडतो का, अशक्त मुलाने काय करायचं, हे प्रश्न त्याला कुणी विचारलेच नाहीत. आजही प्रार्थनेच्या वेळी कुणी रांग मोडली की सगळे शिक्षक पी.टी.च्या सरांकडे बघतात, ही त्या हवालदाराचीच आठवण. गंमत म्हणजे छावणीच्या गावात खेळ रुजला तो ड्रिलमुळे नाही. कामठी ओळखली जाते फुटबॉलसाठी, रब्बानी क्लबसारख्या संघांसाठी. म्हणजे वेळापत्रकातल्या तासापेक्षा संध्याकाळच्या मैदानाने जास्त काम केलं.

मग आला शिक्षक

खेळ शिकवायलाही शिक्षण लागतं, हा विचार आपल्याकडे विसाव्या शतकात पक्का झाला. मद्रासला 1920 मध्ये हॅरी क्रो बक यांनी वाय.एम.सी.ए.चं शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं. पण विदर्भाला मद्रासपर्यंत जायची गरज नव्हती. अमरावतीत वैद्य बंधूंनी 1914 मध्येच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली होती. या मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. मुंबई सरकारने 1938 मध्ये कांदिवलीला प्रशिक्षण संस्था काढली खरी, पण तेव्हा आपण मुंबई प्रांतात नव्हतोच. नागपूर आणि अमरावती दोन्ही मध्यप्रांत-वऱ्हाडात होते. त्यामुळे इकडच्या शाळांसाठी जवळचं घर म्हणजे अमरावती.

या संस्थांनी अपेक्षा बदलली. आता शिक्षकाला शरीररचना कळायला हवी, प्रथमोपचार यायला हवेत, वयानुसार व्यायाम ठरवता यायला हवा. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे त्याचा विद्यार्थी म्हणजे वर्गातलं प्रत्येक मूल. धावणारं, अडखळणारं, कडेला बसून राहणारं, सगळी.

एक शिफारस, जी आपण विसरलो

आता माझ्या मते या इतिहासातल्या सगळ्यांत महत्त्वाच्या वळणाकडे येऊ. 1952-53 च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने, म्हणजे मुदलियार आयोगाने, सांगितलं की चाळीस वर्षांखालच्या *सगळ्या* शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या शारीरिक उपक्रमांत प्रत्यक्ष भाग घ्यावा. पुन्हा वाचा. सगळ्या. गणिताच्या, मराठीच्या, भूगोलाच्याही. आयोगाच्या डोक्यात खेळ हे अख्ख्या शाळेचं काम होतं.

तसं घडलं असतं तर पी.टी.चे सर हे या कामाचे सूत्रधार झाले असते. घडलं उलटं. बाकीच्यांनी खेळ त्यांच्यावर सोपवला आणि परीक्षा जवळ आली की त्यांचाच तास मागून घ्यायला सुरुवात केली.

त्याच सुमारास शिस्तीचा जुना सूर नव्याने लागला. आझाद हिंद सेनेतले सेनानी जगन्नाथराव भोसले, आपले कोकणातले, स्वातंत्र्यानंतर केंद्रात उपमंत्री होते. त्यांच्या पुढाकाराने 1954 मध्ये राष्ट्रीय शिस्त योजना सुरू झाली. पुढे कुंझरू समितीच्या शिफारशीनंतर 1965 मध्ये ती इतर योजनांसह ‘नॅशनल फिटनेस कोअर’मध्ये मिसळली. हवालदार गेला, पण देशाला शिस्त लावायचं काम पी.टी.च्या तासाकडेच राहिलं.

कोच नावाचा वेगळा माणूस

चौथं नाव स्पर्धेतून आलं. भारतीय शालेय क्रीडा महासंघ 1954 चा, पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था 1961 ची. पतियाळाने भारतात ‘कोच’ हा स्वतंत्र व्यवसाय घडवला. एका खेळात खोल उतरलेला, निवडक खेळाडूंवर काम करणारा. 1985 पासून त्याच्यासाठी द्रोणाचार्य पुरस्कारही आला.

नीट बघा, हे काम शिक्षकाच्या कामापेक्षा वेगळंच नाही, जवळजवळ उलटं आहे. शिक्षकाने सगळ्यांना घ्यायचं, कोचने निवडायचं. कबड्डीत मैदानावर सात उतरतात, खो-खोत नऊ. समजा शाळेत 600 मुलं आहेत. मग संघाबाहेरची साडेपाचशेहून अधिक कुणाची?

मोठ्या शहरात ही दोन कामं दोन माणसांत वाटली जाऊ शकतात. रमाकांत आचरेकर सरांचंच बघा. ते स्टेट बँकेत नोकरीला होते, शिवाजी पार्कवर शिकवत आणि शारदाश्रमच्या संघाला घडवत. फेब्रुवारी 1988 मध्ये हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात सचिन तेंडुलकर (नाबाद 326) आणि विनोद कांबळी (नाबाद 349) यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध 664 धावांची अखंड भागीदारी केली. आपल्याला आकडे पाठ आहेत. पण सरांचा निरोप काय होता? डाव घोषित करा. मुलं सहायक प्रशिक्षकाच्या हाका कानाआड करत खेळत राहिली. शेवटी सरांनी फोनवर थांबायला लावलं. कांबळीला 350 साठी एक धाव हवी होती, तीही मिळाली नाही. मग त्याच कांबळीने 37 धावांत 6 बळी घेतले आणि झेवियर्सचा डाव 145 वर आटोपला.

या प्रसंगात कोचकडून काय अपेक्षा करावी याचं उत्तर आहे. विक्रमापेक्षा सामना मोठा, आणि हे मुलाला सांगायचं धैर्य कोचमध्ये हवं. पण आचरेकर सरांच्या डोक्यावर आठवी ‘ब’ची हजेरी आणि प्रार्थनेची रांग नव्हती, हेही विसरू नका. कन्हानसारख्या गावात हे सगळं बहुधा एकाच माणसावर येतं.

आणि आजची भर

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला मैदान हवं असं म्हटलं. पण सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी *अंशकालीन* निदेशक पुरेल, असंही म्हटलं. दुसरीकडे 2012 च्या पोक्सो कायद्याने जबाबदारी वाढवली: मुलाच्या लैंगिक छळाची माहिती कळली तर ती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, म्हणजे कोचवरही. मुलांना घेऊन परगावी जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही अपेक्षा योग्यच आहे. शिवाय वयाचे दाखले, प्रवेशिका, पालकांची संमती, नागपूरपर्यंतचा प्रवास आणि मुलांचं जेवण आहेच. जबाबदारी पूर्ण वेळेची, पद मात्र अंशकालीन. कोळसा खाणीत आणि कारखान्यात राबणाऱ्यांच्या ज्या मुलांना शाळेबाहेर फी भरून कोचिंग मिळणार नाही, त्यांना याचा फटका सगळ्यांत आधी बसतो.

मग मोजायचं कसं?

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक अडचण रोज भेटते. कप कपाटात राहतो, त्याच्यावर साल कोरलेलं असतं. एखाद्या बुजऱ्या मुलीने पहिल्यांदा खो दिला तो मंगळवार कुठल्याच कपाटात राहत नाही. जे टिकतं तेच आपण मोजतो आणि मग तेवढंच मागतो.

म्हणून शाळा समितीत किंवा पालकसभेत बसाल तेव्हा कपाच्या आधी तीन गोष्टी विचारा. या वर्षी पी.टी.चे किती तास ठरले होते आणि किती खरोखर झाले? संघात नसलेली किती मुलं आठवड्यातून दोनदा तरी घामाघूम झाली? आणि बाकीच्या शिक्षकांपैकी मैदानावर कोण कोण उतरलं?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पी.टी.च्या सरांनी द्यावीत. तिसऱ्याचं उत्तर मुख्याध्यापकांकडे मागा. मुदलियार आयोगाने ते सत्तर वर्षांपूर्वी मागितलं होतं.