सायकलचे स्थैर्य : एका स्पष्टीकरणाचा इतिहास

वेग वाढला की सायकल अधिक स्थिर होते आणि याचे कारण तिच्या चाकांचा भोवऱ्यासारखा, म्हणजे जायरोस्कोपी, गुण होय, ही समजूत फार रूढ आहे. गणिताने मात्र तिला १८९९ सालीच मर्यादा घातली होती.

त्या वर्षी केंब्रिजचे तरुण विद्यार्थी एफ. जे. डब्ल्यू. व्हिपल यांनी सायकलच्या गतीची समीकरणे मांडली. स्वार निश्चल आणि हँडल मोकळे असल्यास सायकल वेगाच्या एका ठरावीक पट्ट्यातच आपोआप तोल सांभाळते, असे त्यांवरून निघते. पट्ट्याखालील वेगास ती वाढत्या हेलकाव्यांनी पडते. पट्ट्यावरील वेगास हेलकावे न घेता सावकाश एका बाजूस कलत जाते. सायकल कलली की पुढचे चाक त्याच बाजूस वळते व आधार पुन्हा भाराखाली आणते. परंतु अतिवेगात पुढच्या चाकाचा जायरोस्कोपी परिणामच हे वळणे अपुरे ठेवतो. जो गुण तारक म्हणून सांगितला जातो, तोच येथे बाधक ठरावा, हे लक्षणीय आहे.

क्लाइन व झोमरफेल्ड यांच्या भोवऱ्यावरील ग्रंथाच्या चौथ्या खंडात (१९१०) हा परिणाम अल्प, तरीही स्वयंस्थैर्यास आवश्यक मानला गेला. १९७० साली डेव्हिड जोन्स यांनी उलट दिशेने फिरणारे जादा चाक बसवून तो जवळजवळ नाहीसा केला. तरीही ती सायकल सहज चालविता आली. मात्र स्वाराविना तिची गत निराळी होती, आणि हा भेद खुद्द जोन्स यांनी नोंदविला होता. नंतरच्या पुनर्कथनांत तो बहुधा गळाला. ‘स्थैर्य’ या एकाच शब्दाने सायकलचा स्वतःचा गुण आणि तिचे चालविण्याजोगे असणे, असे दोन अर्थ वाहिले. अर्ध्याअधिक वादाचे मूळ येथेच आहे.

२००७ साली मेयार्ड, पापादोपुलोस, रुइना व श्वाब यांनी व्हिपल यांची समीकरणे तपासून एका नमुना-सायकलचा पट्टा सेकंदास सुमारे ४·३ ते ६·० मीटर असा काढला. २०११ साली जायरोस्कोपी परिणाम रद्द केलेली आणि पुढच्या चाकाचा स्पर्शबिंदू सुकाणू-अक्षाच्या किंचित पुढे ठेवलेली सायकलही आपोआप तोल राखताना दाखविली गेली. क्लाइन-झोमरफेल्ड यांची ‘आवश्यकता’ सार्वत्रिक नव्हती, हे त्यामुळे सिद्ध झाले.

मग वेगाने जाणाऱ्या स्वारास सायकल स्थिर का भासते? पट्ट्यापलीकडील कलणे इतके मंद असते की ते नकळत सावरले जाते. भरवेगात होणारी हँडलाची थरथर ही याहून वेगळी. व्हिपल यांच्या ताठ सांगाड्यात व न घसरणाऱ्या चाकांत ती बसत नाही. त्यासाठी टायरची बाजूची घसर गणितात आणावी लागते. मोटारसायकलीसंबंधी हे काम रॉबिन शार्प यांनी १९७१ साली केले.