खिळा, झुंबर आणि सरकारमान्य हसू

एक चित्र डोळ्यांसमोर आणा. कारखान्याचं आवार, वर अवजड क्रेन, आणि क्रेनला लटकवलेला एकच एक प्रचंड खिळा. आवाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेजारी उभे असलेले दोघे खुशीत आहेत, कारण या एका खिळ्यात त्यांचं महिन्याचं खिळ्यांचं टार्गेट पूर्ण झालंय. टार्गेट टनांत होतं ना!

हा खिळा तुम्हाला कुठे ना कुठे भेटला असेल. मॅनेजमेंटच्या पुस्तकात, एखाद्या व्हॉट्सॲप फॉरवर्डमध्ये, किंवा 'सोव्हिएत रशियात एक कारखाना होता...' अशा सुरुवातीच्या भाषणात. तर आधी हे सांगून टाकते: ते व्यंगचित्र आहे. 'क्रोकोदिल' म्हणजे 'मगर' नावाच्या सोव्हिएत विनोदी नियतकालिकात ते छापून आलं. ॲलेक नोव्हसारख्या अर्थतज्ज्ञांनी त्याचा दाखला दिला आणि तिथून पुढे सांगता सांगता खिळा खरा झाला.

मला खरी गंमत पुढच्या प्रश्नात वाटते. 'क्रोकोदिल' काही चोरून छापलेलं पत्रक नव्हतं. १९२२ साली सुरू झालेलं हे नियतकालिक पुढे थेट 'प्रावदा'च्या, म्हणजे पक्षाच्या मुखपत्राच्या प्रकाशनगृहातून निघायचं आणि लाखांच्या संख्येने खपायचं. म्हणजे ज्या सरकारचं नियोजन, त्याच सरकारचा कागद, त्याचीच शाई, आणि हसायचं कुणाला, तर त्याच नियोजनाच्या फजितीला. हे कसं चालायचं?

माझं एम.एस्सी. संख्याशास्त्रात झालंय आणि पीएचडी चाललीय मोजमापांच्या इतिहासावर. केंद्रीय नियोजनात उत्पादन कशात मोजायचं हे कोण ठरवायचं, आणि त्या मापामुळे उत्पादनाचंच काय व्हायचं, असा विषय. पोस्टर्सकडे मी वळले ती या वाटेने. चित्रकलेतलं मला फारसं कळत नाही, पण 'माप बिघडलं की काय होतं' याची इतकी नेमकी नोंद मला दुसरीकडे क्वचितच दिसली.

आधी खिळ्यामागचं गणित बघू. गोस्प्लान, म्हणजे १९२१ मध्ये स्थापन झालेलं सोव्हिएत नियोजन मंडळ, देशातल्या प्रत्येक खिळ्याची लांबी-जाडी ठरवू शकत नव्हतं. कुणालाच ते शक्य नाही. मग हजारो प्रकारच्या वस्तू एका आकड्यात कोंबायच्या: इतके टन, इतके चौरस मीटर, इतके रूबल. या एकूण उत्पादनाला रशियनमध्ये 'वाल' म्हणत. आकडा गाठला तर संचालकाला आणि कामगारांना बोनस, थोडक्यात हुकला तर बोनस गेला. आता खिडकीच्या काचेचं टार्गेट टनांत असेल तर काच जाड निघणार. म्हणून ते चौरस मीटरमध्ये दिलं, तर काच इतकी पातळ की हाताळताना तडकणार. यात कुणी मूर्ख नाही, सगळे आपापल्या जागी व्यवस्थित हिशेब करतायत.

आणि वरच्यांना हे माहीत नव्हतं असंही नाही. १९५९ मध्ये खुद्द ख्रुश्चेव्हनी भाषणात झुंबरांचं उदाहरण दिलं. उत्पादन टनांत मोजतात म्हणून कारखाने झुंबरं जड करत सुटतात, यात भलं कुणाचं, असा त्यांचा सवाल होता. खिळा चित्रातला, पण झुंबर खरं. सर्वोच्च नेता व्यासपीठावरून जे बोलत होता आणि व्यंगचित्रकार जे काढत होता, त्यात फार अंतर नव्हतं.

या चित्रपरंपरेचं मूळ क्रांतीनंतरच्या यादवी युद्धात आहे. १९१९ साली मॉस्कोत दुकानं रिकामी पडली होती, विकायला मालच नव्हता. त्या रिकाम्या काचेच्या खिडक्यांत मिखाईल चेरेम्निख या चित्रकाराने सरकारी वृत्तसंस्थेसाठी चित्रं लावायला सुरुवात केली. वृत्तसंस्थेचं नाव रोस्ता, म्हणून या 'रोस्ताच्या खिडक्या'. छपाईची यंत्रं बंद, त्यामुळे स्टेन्सिल कापून हाताने रंग भरायचे आणि खाली ठसठशीत ओळी. कवी मायकोव्हस्की यात सामील झाला आणि त्याने ढीगभर चित्रं आणि मजकूर केला.

हाच मायकोव्हस्की १९२२ मध्ये एक कविता लिहितो: साहेब लोक सतत मीटिंगमध्ये, शेवटी एकाच वेळी दोन मीटिंगांना हजर राहायचं म्हणून त्यांनी स्वतःचे दोन तुकडे केलेत. कविता छापून आली आणि दुसऱ्याच दिवशी लेनिनने भाषणात तिची तारीफ केली. काव्य म्हणून मी सांगू शकत नाही, पण राजकारण म्हणून हे अगदी बरोबर आहे, असा त्याचा सूर होता. झालं! नोकरशाहीला हसणं हे क्रांतीचंच काम आहे, यावर शिक्का बसला. पण आठ वर्षांनी त्याच कवीचं 'स्नानगृह' हे नाटक मॉस्कोत आलं. त्यातला खुर्चीला चिकटलेला बडा अधिकारी प्रेक्षकांना जरा जास्तच ओळखीचा वाटला असावा. समीक्षक तुटून पडले. १९२२ आणि १९३० मधला हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता माझ्या आवडत्या भागाकडे येते: लेनिनग्राद. १९३९ साली, फिनलंडबरोबरच्या युद्धाच्या वेळी, तिथल्या चित्रकारांनी 'बोएवॉय करंदाश' नावाचा गट काढला. अर्थ 'लढाऊ पेन्सिल'. जर्मनांनी शहराला वेढा घातला त्या भयानक काळातही त्यांची पोस्टर्स निघत होती, अर्थात शत्रूवर. युद्ध संपलं, गट थांबला. १९५६ मध्ये, म्हणजे ख्रुश्चेव्हनी स्टालिनवर टीका केली त्याच वर्षी, तो पुन्हा उभा राहिला. या वेळी निशाण्यावर घरचेच लोक: दारुडे, कामचुकार, निकृष्ट माल काढणारे, आणि साहेब.

ही पोस्टर्स आकाराने लहान, रंगांनी भडक, आणि चित्राखाली यमक जुळवलेल्या चार-दोन ओळी. ओळी कवी लिहायचे, चित्र चित्रकार काढायचा. कारखान्यात, क्लबात, रस्त्याकडेच्या फलकावर लागायची. त्यांची एक ठरलेली चित्रभाषा होती. साहेब म्हणजे पोट, हॅट आणि ब्रीफकेस. टेबल किल्ल्याएवढं. टेलिफोन एक पुरत नाही. कागदांचे डोंगर, शिक्के, आणि त्या ढिगाखाली कुठेतरी अर्जदाराचे बूट.

शब्दसुद्धा बघण्यासारखे आहेत. दिरंगाईला 'वोलोकिता', शब्दशः फरफट. आपल्याकडे 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' म्हणतात तसलं. खोट्या अहवालांना 'अचकोव्तिरातेल्स्त्वो'. एवढा लांबलचक शब्द पत्त्यांतल्या लबाडीतून आलाय, पानावर खोटे ठिपके उमटवण्यावरून. मराठीत चपखल शब्द 'धूळफेक'. आणि महिनाअखेरीच्या धावपळीला 'श्तुर्मोव्शिना', जणू किल्ल्यावर हल्ला चढवायचाय. कामगार महिन्याचे तीन भाग करायचे: दहा दिवस झोप, दहा दिवस आळोखेपिळोखे, दहा दिवस ताप. ज्यांनी सरकारी कार्यालयात मार्चअखेर पाहिलाय त्यांना जास्त समजवायला नको.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, वा, काय मोकळेपणा! मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. मग मी ज्या पोस्टर्सच्या प्रती मिळाल्या त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. चित्रात कोण आहे यापेक्षा कोण नाही? कारकून, दुकानाचा व्यवस्थापक, कारखान्याचा संचालक, एखाद्या खात्याचा प्रमुख हे सगळे सापडतात. टार्गेट ठरवणारा सापडत नाही. सोव्हिएत वर्तमानपत्रांत एक ठरलेला शब्दप्रयोग असायचा, 'काही तुरळक त्रुटी'. पोस्टरचं कामही तेच: त्रुटी तुरळक आहे, आणि ती या जाड्या माणसात आहे, हे दाखवायचं. माणूस बदला, सगळं सुरळीत.

याची किंमत काय होती ते ऱ्याझानमध्ये दिसतं. १९५७ मध्ये ख्रुश्चेव्हनी मांस आणि दूध उत्पादनात अमेरिकेला गाठण्याची घोषणा केली. १९५९च्या जानेवारीत ऱ्याझान प्रांताचा पक्षप्रमुख अलेक्सेई लारिओनोव्ह याने सरकारला मांस पुरवण्याचा वायदा केला: एका वर्षात दीड लाख टन, आदल्या वर्षीच्या तिप्पट. वायदा पूर्ण 'झाला'. पैदाशीची आणि दुभती जनावरं कापली, लोकांच्या घरची जनावरं घेतली, शेजारच्या प्रांतांतून मांस विकत आणून आपल्या खात्यावर दाखवलं. डिसेंबरमध्ये लारिओनोव्हला 'समाजवादी श्रमवीर' किताब मिळाला. पुढच्या वर्षी कापायला काही उरलंच नव्हतं. सप्टेंबर १९६० मध्ये त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. मे १९६१ मध्ये आकडे फुगवणं हा गुन्हा ठरवणारा हुकूम निघाला.

आकडे फुगवणारा अधिकारी हा यानंतरही व्यंगचित्रांचा हक्काचा विषय राहिला. पण तिप्पट मांसाचा आकडा ऐकून टाळ्या वाजवणारे हात? ते कुठल्या पोस्टरवर येणार होते? अमेरिकेला मागे टाकणारी गाय मात्र पोस्टरवर होती, आणि ती पोस्टर्स उपहासाची नव्हती.

आणि हद्द कुठे आहे हे चित्रकारांना कुणी लिहून दिलेलं नव्हतं. कोन्स्तान्तिन रोतोव्ह हा 'क्रोकोदिल'चा अव्वल चित्रकार. १९४० मध्ये त्याला अटक झाली. आठ वर्षं छावणीत, मग पुन्हा हद्दपारी. १९५४ मध्ये तो निर्दोष ठरला आणि परत येऊन त्याच मासिकासाठी चित्रं काढू लागला. तो छावणीत असताना मासिक निघत होतं आणि लोकांना हसवत होतं. १९५२च्या पक्ष अधिवेशनात मालेन्कोव्हने तर जाहीर मागणी केली की आम्हाला आजचे गोगोल आणि श्चेद्रिन हवेत. रोतोव्ह तेव्हा हद्दपारीतच होता.

म्हणून या पोस्टर्सना 'बंडखोर कला' म्हणणारे लेख वाचले की मला अवघडायला होतं. सगळा सरकारी बनाव म्हणून ती बाजूला सारणंही मला पटत नाही. चित्रकाराने जाड काच पाहिलेली असते, त्याच्या शेजाऱ्याने अर्ज घेऊन खेटे घातलेले असतात. लक्षण अगदी बरोबर टिपलंय, कारण सांगायची मात्र परवानगी नाही, असं काहीसं. संशोधक म्हणून मी ती अशीच वापरते: कुठल्या वर्षी कुठलं माप बिघडलं याची नोंद पोस्टरमधून, आणि ते का बिघडलं याचं उत्तर दुसरीकडून.

ते 'दुसरीकडे' कधीकधी त्याच गावात असतं. ज्या वर्षी लढाऊ पेन्सिल जन्मली त्याच १९३९ मध्ये, त्याच लेनिनग्रादमध्ये, लिओनिद कांतोरोविच या तरुण गणितज्ञाने एक पुस्तिका छापली. एका प्लायवूड कंपनीने त्याला विचारलं होतं की कुठल्या यंत्रावर कुठलं लाकूड घातलं तर सर्वांत जास्त माल निघेल. त्यातून आज आपण ज्याला लिनियर प्रोग्रॅमिंग म्हणतो ते उभं राहिलं आणि १९७५ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस लेनिनग्रादच्या येगोरोव्ह रेल्वेडब्यांच्या कारखान्यात त्याच्या पद्धतीने पत्रे कापायला सुरुवात झाली. वाया जाणारा पत्रा चांगलाच कमी झाला. आणि कारखाना अडचणीत आला, कारण त्याला भंगार पुरवण्याचंही टार्गेट होतं! भंगार उरेना, टार्गेट पूर्ण होईना.

यावर कुणी पोस्टर काढलं असतं तर त्यात जाडा साहेब कुठे बसवला असता? गणित बरोबर, कामगार चोख, संचालक उत्साही. दोष दोन टार्गेटांच्या मधल्या रिकाम्या जागेत होता, आणि रिकाम्या जागेला हॅट घालता येत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, गोर्बाचोव्हच्या काळात, हद्द झपाट्याने मागे सरकली. पोस्टरवाले मग खात्यांना आणि खुद्द यंत्रणेलाच हात घालू लागले. पण तोवर फार दिवस उरले नव्हते: १९९१ मध्ये गोस्प्लान गेलं आणि देशही गेला. गोस्प्लानच्या मॉस्कोतल्या इमारतीत आता रशियाची संसद, दूमा, भरते.

तुमच्या घरी कुणी लहानपणी 'सोव्हिएत देश'च्या गुळगुळीत कागदाची कव्हरं वह्यांना घातली असतील, तर ट्रॅक्टर आणि हसरे कामगार त्यांच्या चांगले लक्षात असतील. या जाड्या साहेबाशीही त्यांची ओळख करून द्या. पुढच्या लेखात कांतोरोविचचं प्लायवूडचं गणित प्रत्यक्ष सोडवून बघू. दहावीपर्यंतची समीकरणं येत असतील तर वही-पेन घेऊन बसा, जमेल.