सरोवराकाठचे १२ एकर

टोरांटोच्या दक्षिण सीमेवर ऑंटारिओ सरोवरात भर घालून गोदी आणि कारखान्यांसाठी जी जमीन निर्माण केली गेली, तिच्यापैकी क्वेसाइड नावाच्या १२ एकरांवर भविष्यकाळाचे नगर वसविण्याचा मनसुबा ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीर झाला, तेव्हा त्या समारंभास कॅनडाचे तत्कालीन पंतप्रधान जस्टिन ट्रूडो जातीने हजर होते. केंद्र, प्रांत आणि नगरपालिका या तिन्ही सरकारांनी मिळून स्थापिलेल्या ‘वॉटरफ्रंट टोरांटो’ या संस्थेने या कामी गूगलच्याच कुळातील ‘साइडवॉक लॅब्ज’ या कंपनीची निवड केली होती.

योजनेचे शिल्प मोहक होते, हे तिच्या विरोधकांसही नाकारता येणार नाही. लाकडी मनोरे, पावसात पादचाऱ्यांवर इमारतींनीच पसरावयाचे छत, भुयारातून केर आणि टपाल वाहणारी यंत्रे, आणि षट्कोनी फरशांचा असा रस्ता, की ज्यात बसविलेले दिवे वेळेनुरूप पालटून वाहनांची व पायी चालणाऱ्यांची हद्द नव्याने आखून देतील! परंतु ज्या नगरास आपले रूप असे क्षणोक्षणी बदलावयाचे, त्यास कोण कोठून गेला याची नोंद संवेदकांकरवी अहोरात्र ठेवणे भाग. आणि त्या नोंदींतून व्यक्तींची ओळख सर्वांकडून पुसली जाईल, याची हमी न मिळाल्याने कंपनीच्याच सल्लागार, प्रांताच्या माजी माहिती व गोपनीयता आयुक्त ॲन कव्हूकियन, यांनी २०१८ मध्ये राजीनामा दिला.

तथापि माझ्या मते लोकक्षोभाचे खरे मूळ जमीनमहसुलात होते. लगतच्या विस्तीर्ण बंदरभूमीवर खर्च करून तेथील भावी मालमत्ताकरात वाटा मिळविण्याचा कंपनीचा बेत फेब्रुवारी २०१९ मध्ये वृत्तपत्रांतून फुटला, आणि संवेदकांच्या चर्चेकडे कानाडोळा करणाऱ्यांनाही या मक्त्याचा अर्थ तत्काळ उमगला. त्याच महिन्यात ‘ब्लॉक साइडवॉक’ ही नागरिकांची चळवळ उभी राहिली. एप्रिलात नागरी स्वातंत्र्याच्या पुरस्कर्त्या एका संस्थेने या योजनेविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. जूनमध्ये कंपनीने १,५२४ पानांचा आराखडा सादर केला (तो सामान्य नागरिकाने वाचून मत द्यावे, ही अपेक्षाही नवलाचीच!), आणि त्यात १२ एकरांचे १९० झाले होते.

ऑक्टोबरअखेर वॉटरफ्रंट टोरांटोने व्याप्ती पुन्हा १२ एकरांवर आणली. ७ मे २०२० रोजी कंपनीने महामारीजन्य आर्थिक अनिश्चिततेचे कारण देऊन अंग काढून घेतले. पण किफायतीचा भाग तत्पूर्वीच छाटला गेला होता, हे विसरता येत नाही. २०२२ मध्ये ही जागा विकसित करण्यासाठी दुसऱ्या बांधकाम संस्थांची निवड झाली, आणि त्यांच्या आराखड्यातही एक लाकडी इमारत होती.