पुण्यातल्या वकिलाला बेळगावच्या कोर्टात केस लढवता येते का? दुसऱ्या राज्यासाठी वेगळी सनद लागते का?

समजा, तुम्ही पुण्यात राहता. वडिलोपार्जित जमीन बेळगावात आहे आणि तिच्या वाटणीचा दावा तिथल्या कोर्टात सुरू झालाय. तुमचा विश्वास मात्र शिवाजीनगर कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या तुमच्या नेहमीच्या वकिलांवर आहे. पण ते कर्नाटकात जाऊन केस लढवू शकतात का? की त्यांना तिथली वेगळी सनद काढावी लागेल?

थोडक्यात उत्तर असं, की वेगळी सनद लागत नाही. पण काही अटी असू शकतात.

एक सनद, सगळा देश

अमेरिकेत वकिलीचा परवाना प्रत्येक राज्याचा वेगळा असतो. न्यूयॉर्कच्या वकिलाला कॅलिफोर्नियात कायमची वकिली करायची तर तिथली परीक्षा द्यावी लागते.

भारतात तसं नाही. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ३० नुसार राज्याच्या बार कौन्सिलच्या यादीत नाव असलेल्या वकिलाला देशातल्या कुठल्याही कोर्टात वकिली करता येते. गंमत म्हणजे कायदा १९६१ चा असला, तरी हे कलम लागू झालं १५ जून २०११ ला. म्हणजे तब्बल ५० वर्षांनी!

२००९-१० पासून लॉ पूर्ण करणाऱ्यांना ऑल इंडिया बार एक्झाम पास व्हावी लागते. तीही राज्यागणिक नाही, देशभरासाठी एकच.

दोन सनदी घेता येतात का?

नाही. कलम १७ नुसार एका वकिलाचं नाव एका वेळी एकाच राज्याच्या यादीत राहू शकतं. पुण्यातल्या वकिलांची सनद बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची असते. दोन्ही राज्यांची कौन्सिल एकच असल्याने पुण्याहून गोव्यात स्थायिक होणाऱ्या वकिलाला सनद हलवावी लागत नाही.

कायमचं दुसऱ्या राज्यात जायचं असेल तर?

लग्न किंवा जोडीदाराच्या नोकरीमुळे एखादी वकील पुणे सोडून बंगळुरूला गेली, तर तिला सनद ट्रान्सफर करता येते. कलम १८ नुसार अर्ज बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे करायचा. मग महाराष्ट्राच्या यादीतून नाव काढून कर्नाटकच्या यादीत घातलं जातं. कायद्यात हा बदल 'कोणतीही फी न घेता' करावा असं म्हटलंय. मात्र वकिलावर शिस्तभंगाची कारवाई सुरू असेल, तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

मग अडतं कुठे?

कलम ३४ नुसार आपल्या आणि आपल्या अखत्यारीतल्या कोर्टांत वकिली कोणत्या अटींवर करायची, याचे नियम हायकोर्ट करू शकतं. अलाहाबाद हायकोर्टाचा नियम असा आहे, की बाहेरच्या वकिलाने तिथल्या यादीतल्या वकिलासोबत वकीलपत्र दाखल करावं. हा नियम अधिकारांवर गदा आणतो असं म्हणत एक वकील सुप्रीम कोर्टात गेले. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने नियम वैध ठरवला. कारण असं, की कोर्टाला वकील वेळेवर सापडायला हवा आणि नोटीस कुणाला द्यायची हेही माहीत हवं.

सुप्रीम कोर्टातही केस दाखल करण्याचा अधिकार फक्त 'ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड' असलेल्यांनाच आहे.

आणखी एक अडचण भाषेची. खालच्या कोर्टांत स्थानिक भाषा चालते. बेळगावात कागदपत्रं आणि साक्षी कन्नडमध्ये असू शकतात.

तुम्ही काय करायचं?

वकिलांना आधी तिथल्या हायकोर्टाचे नियम तपासायला सांगा. गरज असेल तर वकीलपत्रावर तिथल्या वकिलाचंही नाव घाला. रोजच्या तारखा तिथले वकील बघतील आणि महत्त्वाच्या युक्तिवादाला तुमचे वकील जातील. फक्त दोघांची फी आणि प्रवासखर्च आधीच ठरवून घ्या. सनद देशभर चालत असली, तरी प्रत्येक तारखेला पुणे-बेळगाव जाण्या-येण्याचा खर्च शेवटी तुमच्याच खिशातून जाणार आहे.