उखळाभोवतालची पिल्ले

थव्यातले एखादे बदकाचे पिल्लू वाढतच नाही. बरोबरीची पिल्ले दुप्पट होतात, पंखांवर पिसे धरतात आणि हे मात्र पिवळ्या लवेनिशी पाय फाकून बसून राहते. खायला सगळ्यांच्या मागून पोचते, पोचेपर्यंत भांडे रिकामे झालेले असते. परसात बदके पाळणारे बहुतेक जण अशा पिल्लाला 'मुळातच कमजोर' म्हणून सोडून देतात. काही पिल्ले खरोखर तशी असतातही. पण हे निदान फार लवकर केले जाते असे माझे मत आहे, आणि त्याचा पुरावा कार्ल्याच्या परिसरातल्या भाताच्या इतिहासात आहे. परसातल्या दुबळ्या पिल्लाला जे हवे असते ते भाताच्या गावात एके काळी उखळाशी आपोआप सांडत होते. उखळ घराबाहेर गेले आणि तो घास पिल्लाच्या तोंडून सुटला.

कार्ले हे पावसाचे गाव. शेजारच्या लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तेच पाणी इंद्रायणीच्या खोऱ्यात भात पिकवते. कार्ले ज्या मावळात आहे त्याचे जुने नाव 'मामाल' हे गावावरच्या डोंगरातल्या लेण्यांतल्या शिलालेखात आढळते. तिथल्याच दुसऱ्या लेखात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने कराजिक गाव दान दिल्याची नोंद आहे. वलूरकाच्या, म्हणजे याच लेण्यांच्या, भिक्षूंचा वर्षावासात निर्वाह व्हावा हा त्या दानाचा हेतू. शेतीच्या उत्पन्नावर डोंगरातली वस्ती पोसली जाण्याची ही नोंद सुमारे १९०० वर्षांची आहे. इतक्या जुन्या धान्यप्रदेशात धान्य खाण्याजोगे करण्याचे काम अगदी परवापर्यंत बायकांच्या हातांनी होत होते, आणि त्या कामाचा क्रम इथे नीट पाहायला हवा. भात उखळात कांडायचे, सुपाने पाखडून तूस वेगळे काढायचे, मग तोच तांदूळ पुन्हा सडायचा. या दुसऱ्या सडीला जो मऊ, तांबूस कोंडा निघतो त्यात तूस जवळजवळ नसते. त्याच्याबरोबर कणी पडते. तूस चुलीला आणि राखेला गेले, कोंडा-कणी गोठ्यात आणि खुराड्यात गेली. कोंड्याचा मांडा करणे हा वाक्प्रचार आपण गरिबीतल्या हिकमतीसाठी वापरतो. कोंडा म्हणजे हलके, टाकाऊ अन्न, ही समजूत त्यात घट्ट बसलेली आहे. ती चुकीची आहे, हे सर्वांत आधी कोंबड्यांनीच दाखवून दिले.

१८९० च्या सुमारास जावा बेटावर बटाव्हियात क्रिस्तियान आइकमान हा डच डॉक्टर बेरीबेरीचा शोध घेत होता. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लष्करी इस्पितळातून येणाऱ्या पांढऱ्या, सडलेल्या तांदळाच्या भातावर असताना लटपटू लागल्या, त्यांचे पाय लुळे पडले. तो भात बंद होऊन साधा, न सडलेला तांदूळ मिळू लागताच त्या सुधारल्या. सालीतच काहीतरी आहे, हे कळायला सुरुवात झाली ती या कोंबड्यांमुळे. आइकमानला १९२९ साली नोबेल मिळाले. तिथे उणीव थायामिन या ब-जीवनसत्त्वाची होती. बदकाच्या पिल्लाचे दुखणे बहुतेक वेळा त्याच कुळातल्या दुसऱ्या घटकाचे, नायासिनचे, असते. हे जीवनसत्त्व म्हणून ओळखले गेले १९३७ मध्ये. इतर अनेक प्राण्यांच्या मानाने प्रथिनांतून नायासिन तयार करण्याची बदकाची ताकद तोकडी असते. म्हणून त्याच्या पिल्लाच्या खाद्यात किलोमागे सुमारे ५५ मिलिग्रॅम नायासिन लागते. अंड्यांच्या जातीच्या कोंबडीच्या पिल्लाला त्याच्या निम्मे पुरते. उणीव पडली की बदकाचे पिल्लू खुंटते, त्याचे पाय वाकतात, घोटे सुजतात. धान्याच्या पदार्थांत नायासिन सर्वाधिक असते ते तांदळाच्या कोंड्यात.

गिरणीने नेमके काय बदलले, हेही पाहू. गावोगावच्या हलर गिरणीत भात एका तोंडातून जाते आणि तूस, कोंडा, कणी एकत्र भरडून बाहेर पडतात. त्या मिश्रणाला कोंडाच म्हणतात, पण त्यात निम्म्याहून जास्त तूस असू शकते आणि लहान पिल्लाला ते पचत नाही. दुसरा फरक ताजेपणाचा. सडल्याबरोबर कोंड्यातले तेल फुटू लागते आणि काही दिवसांत कोंडा खवट होतो. घरी दोन-चार दिवसांपुरते कांडण होत असे, त्यामुळे कोंडा ताजा मिळे. गिरणीवरून वर्षाचा तांदूळ एकदम आला की पोतेभर कोंडाही एकदम येतो आणि कोपऱ्यात खवटत राहतो. वर्ध्याला डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. हातसडीच्या तांदळाचा या संघाने हिरिरीने प्रचार केला. हातसडीच्या उद्योगाला जपण्याचा विचार १९५८ च्या तांदूळ गिरणी नियमन कायद्यातही होता. या सगळ्या वादात माणसाचे पोषण आणि बायकांचा रोजगार यांचा हिशेब झाला. तो व्हायलाच हवा होता. खुराड्याचा हिशेब मात्र कुणी मांडला नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मावळ हा बदकांचा मुलूखच नव्हे. खरे आहे. बदके बंगालची, आसामची, केरळची. इथे ती कोंबड्यांच्या सोबतीने आली आणि तिथेच अडचण सुरू होते. खाकी कॅम्पबेलसारखी जात स्वतः उबायला बसत नाही, म्हणून तिची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवतात. ती माउली एकवीस दिवसांऐवजी अठ्ठावीस दिवस बसते. पिल्ले निघाली की त्यांना कोंबडीच्याच पिल्लांचे तयार खाद्य मिळते, जे कोंबडीच्या गरजेवर बेतलेले असते. दुसरा आक्षेप रसायनशास्त्राचा, आणि तो जास्त वजनदार आहे. धान्यातले बरेचसे नायासिन बांधलेल्या रूपात असते आणि अंगी लागत नाही. हे मी मान्य करतो. कोंडा एकटा पुरला असता असे मी म्हणत नाही. परसातले पिल्लू गांडुळे, किडे, खाचरातल्या गोगलगायी टिपत होते. कोंडा त्या आहाराला जोड होता. पण सडलेल्या तांदळाची कणी आणि बंद जाळी, एवढ्यावर वाढणाऱ्या पिल्लाकडे यातले काहीच नसते. तिसरा आक्षेप: जुन्या परसातही पिल्ले मरतच होती. हो, मुंगूस, घार आणि मानमोडीने खुराडी रिकामी होत. तो काळ सुखाचा होता असा माझा दावा नाही. घारीने उचललेले पिल्लू आणि अन्नावाचून खुंटलेले पिल्लू यांच्या मरणाची कारणे वेगळी आहेत, आणि दुसरे कारण आपल्या हातात आहे.

कोंड्याऐवजी शेंगदाण्याची पेंड घालावी, असे सहज सुचते, कारण शेंगदाण्यात नायासिन भरपूर. इथे फार सावध राहावे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, ते ब्राझीलहून आलेल्या बुरशी धरलेल्या शेंगदाणा पेंडीमुळे. त्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष सापडले. बदकाचे पिल्लू या विषाला इतके हळवे असते की पेंड तपासायला शास्त्रज्ञ एका दिवसाची बदकाची पिल्लेच वापरू लागले. मावळच्या पावसाळ्यात ओल सुटत नाही. आषाढात उघड्या पोत्यातली पेंड किंवा खाद्य घालणे म्हणजे दुबळ्या पिल्लाला थोडे थोडे विष देणे होय.

तेव्हा असे पिल्लू दिसले तर त्याला आधी वेगळे करा, म्हणजे बाकीची टोचणार नाहीत. डालग्यात गोणपाट घालून उबेला ठेवा. चोच आणि नाकपुड्या बुडतील एवढेच पाणी द्या, पोहायला सोडू नका. खाद्याचा वास घ्या. खवट किंवा कुबट असेल तर फेकून द्या. पशुवैद्यकाला दाखवून नायासिन किंवा यीस्ट सुरू करा. पाय नुकतेच वाकू लागले असतील तर फरक बहुधा थोड्याच दिवसांत दिसतो. फार उशीर झाला तर वाकलेले पाय सरळ होत नाहीत. आणि वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेला इंद्रायणी तांदूळ कुणाकडून हातसडीचा घेत असाल, तर त्याच दिवशीचा कोंडाही मागून घ्या.